बदलते ऋतुमान आणि डासांचे आजार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिल्ली येथे दिलेले भाषण)



काल ह्याच व्यासपीठावर नाट्यसंगीताची मैफल रंगली आणि आज त्याच ठिकाणी उभे राहून मी डासांच्या गुणगुणण्याविषयी बोलणार आहे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हा विषय काहीसा अप्रस्तुत वाटेल, ह्याची मला जाणीव आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी स्वतःही क्षणभर संकोचलो होतो. परंतु ज्या माणसाचे सारे आयुष्य साथीच्या रोगांच्या बंदोबस्तात गेले, त्याने दुसऱ्या कशावर बोलावे? शिवाय ह्या विषयात मला एक जुने देणे फेडावयाचे आहे. ते कोणते, हे ओघात येईलच.

आपल्यापैकी बरीच मंडळी १९७० ते १९८० च्या दरम्यान नोकरीनिमित्त ह्या शहरात आली. त्या वेळी येथील ऋतूंचे एक ठरीव वेळापत्रक आपण शिकून घेतले होते. एप्रिलमध्ये कूलर खिडकीत बसवावयाचा, जुलैत पावसाची वाट पाहावयाची, दसऱ्याला पंख्याचा वेग कमी करावयाचा आणि दिवाळीच्या सुमारास रजया उन्हात टाकावयाच्या. रजया बाहेर निघाल्या की तापाचा हंगाम सरला, असे आपण धरून चालत असू. हे वेळापत्रक आता विश्वासार्ह राहिलेले नाही, हे आज मला प्रथम सांगावयाचे आहे. आणि दुसरे असे की, ऋतू बदलला म्हणून रोग येतोच असे नाही. ऋतू त्याला वाट मोकळी करून देतो, पण घरात घेतो तो आपला हलगर्जीपणा.

ऋतूचा आणि रोगाचा संबंध समजण्यासाठी आपण आपल्या स्वयंपाकघरात जाऊ. दिल्लीच्या जानेवारीत दही लावणे हे केवढे जिकिरीचे काम असते, हे येथील भगिनींना सांगावयास नको. भांडे शालीत गुंडाळून रात्रभर ठेवले तरी सकाळी विरजण पातळच. तेच मे महिन्यात चार तासांत दही तयार, आणि थोडे दुर्लक्ष झाले तर आंबट. दूध तेच, विरजण तेच, फरक काय तो उष्णतेचा. डासाच्या पोटात रोगाचे जंतू वाढतात ते ह्याच न्यायाने.

आपली समजूत अशी असते की, डास रोग्याला चावला आणि लगेच दुसऱ्याला चावला की रोग पसरला. वस्तुतः तसे होत नाही. रोग्याचे रक्त प्याल्यानंतर तो जंतू डासाच्या पोटात वाढावा लागतो, तेथून त्याच्या लाळग्रंथींत पोहोचावा लागतो, आणि मगच त्या डासाचा दंश धोक्याचा ठरतो. ह्याला काही दिवस लागतात, आणि ते किती लागावेत हे हवेच्या उष्णतेवर अवलंबून असते. डेंग्यूच्या विषाणूला २५ अंश सेल्सियस तापमानात सुमारे पंधरा दिवस लागतात, ३० अंशांत हा काळ सहा-सात दिवसांवर येतो. घातक हिवतापाच्या परोपजीवी जंतूला २० अंशांत जवळजवळ चार आठवडे लागतात, २५ अंशांत सुमारे बारा दिवस पुरतात, आणि १६ ते १८ अंशांच्या खाली त्याची वाढच खुंटते.

आता दुसरी गोष्ट लक्षात घ्या. डासाच्या मादीचे आयुष्य फार तर दोन-तीन आठवड्यांचे, आणि त्यातल्याही बऱ्याच जणी आधीच मरतात. म्हणजे हवा थंड असली तर जंतू तयार होण्यापूर्वीच डास मरून जातो आणि माणूस वाचतो. हवा दोन-चार अंशांनी वाढली तर तोच डास मरण्यापूर्वी अनेकांना रोग देऊन जातो. एखाददुसऱ्या अंशाने काय होणार, असे आपण सहज म्हणतो. पण ज्या शर्यतीत दोघे जवळजवळ बरोबरीने धावत आहेत, तेथे एवढ्याशा फरकानेही निकाल फिरतो. आपल्या देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ ह्या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे, हे ह्या दृष्टीने पाहावे.

दह्याचा दृष्टान्त आणखी एका अर्थाने खरा आहे. अति उष्णता डासालाही सोसत नाही. डेंग्यूच्या प्रसाराला २९ अंशांच्या आसपासची हवा सर्वांत अनुकूल, तर हिवतापाला २५ अंशांच्या आसपासची. चौतीस-पस्तीस अंशांच्या पुढे दोन्ही रोगांचा जोर ओसरू लागतो. म्हणून पृथ्वी तापेल तसतसा प्रत्येक ठिकाणी प्रत्येक रोग वाढेल, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. काही ठिकाणी हंगाम लांबेल, काही ठिकाणी तो सरकेल, आणि जी ठिकाणे आजवर थंडीमुळे सुरक्षित होती तेथे रोग प्रथमच पाय ठेवील.

हवामान आणि डासांचे रोग ह्यांचा संबंध आपल्या ह्या भागात शंभर वर्षांपूर्वीच अभ्यासिला गेला होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर अकराच वर्षांनी, १९०८ च्या पावसाळ्याअखेरीस, पंजाबात हिवतापाची भयंकर साथ आली. सुमारे तीन लाख माणसे दगावली आणि अमृतसर शहराला तर फार मोठा तडाखा बसला. तिची चौकशी क्रिस्टोफर्स नावाच्या अधिकाऱ्याने केली. त्याने पावसाचे आकडे, धान्याचे भाव आणि मृत्यूंच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या. तेव्हा असे दिसून आले की, ज्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा फार पडतो आणि धान्यही महाग असते, त्या वर्षी साथ विक्राळ रूप धारण करते. पाण्याने डास वाढविले, पण उपाशी माणसे अधिक मेली. पुढे १९२० च्या दशकापासून पंजाबात जुलै-ऑगस्टच्या पावसावरून शरदातील हिवतापाचे भाकीत वर्तविण्याची पद्धत सुरू झाली. आज उपग्रहांच्या मदतीने जे करण्याचा प्रयत्न चालला आहे, त्याचे मूळ येथे आहे.

आता आजच्या काळाकडे येऊ. आपल्या शहराची डेंग्यूशी खरी ओळख झाली ती १९९६ साली. त्यापूर्वी साथी आल्या नव्हत्या असे नाही, परंतु त्या वर्षी दहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ४२३ जण दगावले. रुग्णालयाच्या व्हरांड्यांत जमिनीवर अंथरलेल्या सतरंज्या आणि रक्तपेढीबाहेरच्या रांगा मी विसरू शकत नाही. २०१५ साली त्याहून मोठी साथ आली. रुग्ण जवळजवळ सोळा हजार, मृत्यू ६०. रुग्ण वाढूनही मृत्यू घटले, ह्याचे श्रेय वेळीच निदान आणि सुधारलेले उपचार ह्यांना आहे.

पण माझ्या मते अधिक बोलके वर्ष २०२१ हे होते. त्या वर्षी सप्टेंबरात येथे सुमारे चारशे मिलिमीटर पाऊस झाला, ऑक्टोबरातही तो परतून आला. परिणाम असा की, वर्षभरातील निम्म्याहून अधिक रुग्ण एकट्या नोव्हेंबर महिन्यात नोंदले गेले. ज्या दिवसांत आपण फराळाची ताटे घेऊन एकमेकांकडे जात होतो, त्या दिवसांत साथ ऐन भरात होती. एका वर्षावरून सिद्धान्त मांडू नये, हे खरे. पण दिवाळीला हंगाम सरतो ही आपली समजूत किती तकलादू आहे, हे कळण्यास ते एक वर्ष पुरेसे आहे.

डोंगराकडे पाहिले तर हेच दिसते. इंग्रजांनी थंड हवेची ठिकाणे वसविली ती उन्हाळ्याच्या तलखीबरोबर तापापासूनही सुटका व्हावी म्हणून. आज तो भरवसा उरलेला नाही. नेपाळात डेंग्यूचा पहिला रुग्ण आढळला तो २००४ साली. त्यानंतर अठराच वर्षांनी, २०२२ मध्ये, त्या देशात चोपन्न हजारांहून अधिक रुग्ण झाले, ८८ जण दगावले, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे मीटर उंचीवरचे काठमांडूचे खोरे त्यात होरपळून निघाले. अर्थात हे एकट्या उष्णतेचे काम नव्हे. नवे रस्ते, वाढती शहरे, साठविलेले पाणी आणि माणसांची ये-जा ह्यांनीही डासाला वर नेले. परंतु वर गेल्यावर तो तेथे टिकला, ह्यात बदलत्या हवेचा वाटा आहेच.

आपल्यापैकी ज्यांचे आप्त पुण्यात आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्या शहरातील डेंग्यूचा अभ्यास करून २०२५ च्या प्रारंभी तो प्रसिद्ध केला. पावसाळ्यात तापमान २७ अंशांच्या वर, हवेतील आर्द्रता साठ ते अठ्ठ्याहत्तर टक्के आणि पाऊस मध्यम पण सारखा पडणारा, अशी तीन लक्षणे जुळली की तेथे डेंग्यू बळावतो. उलट एका आठवड्यात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तर अंडी आणि अळ्या वाहून जातात. तापमानवाढ अशीच चालू राहिली तर तेथील डेंग्यूचे मृत्यू शतकाच्या मध्यापर्यंत २३ ते ४० टक्क्यांनी वाढू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. ज्या पुण्यास आपले वाडवडील हवापालटासाठी जात, त्या पुण्याविषयी हे लिहिले गेले आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग आपल्या हाती उरले काय? आभाळ काही आपल्याला आवरता येणार नाही. ह्या निराशेला उत्तर म्हणून मी हिवतापाची हकीकत सांगतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मृत्यू पावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्ण एक लाखाच्या घरात आले. रोग संपला असे वाटून आपण ढिले पडलो, आणि १९७६ साली रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. त्यानंतर पुन्हा कंबर कसली. २०१५ साली नोंदलेले रुग्ण ११ लाख ६९ हजार होते, ते २०२३ साली २ लाख २७ हजारांवर आले. ह्या आठ वर्षांत हवा काही थंड झाली नव्हती. तरीही रोग हटला, कारण खेडोपाडी औषधयुक्त मच्छरदाण्या पोहोचल्या, रक्ताची तपासणी जागच्या जागी होऊ लागली आणि उपचार लवकर मिळू लागले.

मग हिवताप हटत असताना डेंग्यू का वाढतो? त्याच २०२३ साली देशात डेंग्यूचे २ लाख ८९ हजार रुग्ण नोंदले गेले. ह्याचे उत्तर त्या डासाच्या स्वभावात आहे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास दलदलीतला नव्हे. तो घरातल्या स्वच्छ पाण्याचा रहिवासी आहे. तो दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणीचा उपयोग मर्यादित. तो फार तर दोन-चारशे मीटर उडतो, म्हणजे जो डास आपल्याला चावतो तो बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरचाच असतो. १९७३ साली बार्शीला चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. बार्शी हा कोरडवाहू मुलूख, तेथे दलदल कोठली? पण जेथे पाणी दुर्मिळ, तेथे घरोघरी रांजण, हौद आणि पिंपे भरून ठेवलेली असतात. म्हणून अतिवृष्टीप्रमाणे अवर्षणही ह्या डासाच्या पथ्यावर पडते.

आणि उन्हाळाही. दिल्लीच्या मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस अंशांत कोणताही डास होरपळून मरेल. पण आपण उन्हाला भिऊन कूलर लावतो आणि त्याच्या टाकीत गार पाणी व दमट सावली ह्यांची सोय करून देतो. उन्हाळा जितका कडक आणि लांब, तितके कूलर अधिक दिवस चालू. ज्या उष्णतेने डास मरावयाचा, तिच्यापासून आपणच त्याला आसरा देतो.

आता मी सुरुवातीला म्हटलेले देणे.

२०१५ च्या सप्टेंबरात साथ भरात असताना आम्ही गणपतीसाठी कोकणात गावी गेलो. तेव्हा मला निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. निघण्याची गडबड, गाडीची वेळ, सामान. सौभाग्यवतींनी गॅस बंद केला का, दिवे मालवले का, हे दोनदा पाहिले. मागच्या खिडकीतला कूलर बंद करण्याचे काम माझ्याकडे होते. मी बटण बंद केले, पाणी तसेच राहिले. अनंत चतुर्दशी करून, जवळजवळ पंधरा दिवसांनी परतलो, तर दाराशेजारी महापालिकेच्या तपासनिसाने खडूने तारीख घालून ‘मकान बंद’ असे लिहून ठेवले होते. तो बिचारा दोनदा येऊन गेला होता.

कुलूप काढत असताना वरच्या मजल्यावरच्या भाभीजी जिना उतरताना दिसल्या. हातात डबा होता, रुग्णालयात निघाल्या होत्या. त्यांची नऊ वर्षांची मुलगी पाच दिवसांपासून डेंग्यूने तेथे होती. मी सामान तेथेच टाकून मागच्या खोलीत गेलो आणि कूलरचे झाकण काढले. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. टाकीच्या कडेला रिकामे कोषही तरंगत होते, म्हणजे काही डास आधीच उडून गेले होते. ज्या माणसाने उभी नोकरी लोकांना ‘पाणी साठू देऊ नका’ असे बजावण्यात घालविली, त्याच्या घरातले हे दृश्य होते.

त्या मुलीला चावलेला डास माझ्याच कूलरमधला होता, असे कोणीही सिद्ध करू शकणार नाही. नव्हता, असेही मला कधी म्हणता आले नाही. ईश्वरकृपेने ती वाचली. दिवाळीत भाभीजींनी मिठाई आणून दिली आणि म्हणाल्या, “डॉक्टरसाब, आप यहाँ होते तो हमें इतना डर न लगता.” मी ती मिठाई घेतली. कूलरची गोष्ट मात्र त्यांना सांगण्यास मला आणखी एक वर्ष लागले. त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, पुढच्या वेळी गावी जाताना किल्ली आमच्याकडे ठेवून जा. तेव्हापासून किल्ली त्यांच्याकडे असते.

बंधुभगिनींनो, ही हकीकत मी स्वतःची म्हणून सांगितली, पण ती आपणा सर्वांची आहे. गावाची ओढ हा परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाचा स्वभावधर्म. कोणी गणपतीला जातो, कोणी नवरात्रात कुलदेवतेला, कोणी दिवाळीला. आपण घराला कुलूप लावतो ते नेमके डेंग्यूच्या दिवसांत, आणि हे दिवस तर वरचेवर लांबत आहेत. बंद घरात तपासनीस जाऊ शकत नाही, डासाला मात्र मज्जाव नसतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील प्रत्येक साठा रिकामा करून कोरडा करावा. नुसते पाणी ओतून भागत नाही. ह्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत असतात, तेव्हा कडा घासून काढाव्यात. कूलर हिवाळ्यात ठेवून देताना आणि एप्रिलमध्ये पुन्हा लावताना घासावा, जुने गवत बदलावे. गच्चीवरच्या टाकीचे झाकण, कुंड्यांखालच्या बशा, फ्रीजच्या मागचा ट्रे आणि बाटलीतला मनीप्लांट ह्यांकडे पाहावे. ताप आला तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. आणि ताप उतरला म्हणजे संकट टळले असे समजू नये. डेंग्यूत खरा धोका ताप उतरण्याच्या सुमारासच असतो. पोटात फार दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण गळून जाणे, ह्यांतले काहीही दिसले की तडक रुग्णालय गाठावे.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. दरवर्षी आपण गणेशोत्सवाचे पत्रक घरोघरी पाठवितो. त्यात आरतीच्या वेळा असतात, वर्गणीचा तपशील असतो. त्याखाली एक ओळ आणखी छापावी: ‘गावी जाणाऱ्या सभासदांनी कूलर व टाक्या रिकाम्या करून, घासून, किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी.’ पृथ्वीचे तापमान खाली आणणे हे मोठ्या राष्ट्रांचे काम आहे, त्याबद्दल नागरिक म्हणून आपण आग्रह धरलाच पाहिजे. पण ते होईपर्यंत वरच्या मजल्यावरच्या मुलीने थांबावे, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले ते परक्या शहरात आपल्या माणसांना एकमेकांचा आधार असावा म्हणून. ते शहर आता परके राहिलेले नाही, आणि आधार देण्याघेण्याचे वर्तुळही आपल्या भाषेपुरते राहिलेले नाही. जिन्यावरचा शेजारी त्यात केव्हाच आला आहे.